मोटारी बंद करून काढलेला सिनेमा

सर, तुमचं ते 'आपला सिनेमा पडला' आता पुरे करा. सत्कार समितीनंही तुमचंच ऐकलं. तुमच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात तुमच्या शाळेवर लेखच लेख, सिनेमावर एकही नाही. म्हणून सातवीत शाळा सोडलेला मी लिहून राहिलो.

वाचकहो, जळकोटच्या शाळेत कोनाळे सरांनी मला पहिल्यांदा धरलं ते वर्ग चुकवताना. मारलं नाही. डोळे मिटायला लावून काय काय ऐकू येतं ते विचारलं. मी अकरा आवाज सांगितले. सर म्हणाले, "गिरणी राहिली की लेका. रोज ऐकून ऐकू येईना झालीय तुला."

सरांनी तरुणपणी एकच सिनेमा काढला. त्या वेळी आवाज मागाहून स्टुडिओत भरायचे. सरांनी माणसांचं बोलणं शिवारातच टिपलं. शॉटआधी आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी बंद करायला स्वतः सायकलवर जायचे. त्यात एक बाई भाकरी थापता थापता थांबते, आणि अर्धा मिनिट कुणीच बोलत नाही. लातूरच्या टॉकीजात ऑपरेटरला वाटलं, मशीन बिघडली. त्यानं मध्यंतराची लावणीची तबकडी लावून दिली. पब्लिक खूश. सर उठून बाहेर आले. तिसऱ्या दिवशी सिनेमा उतरला, रिळं पेटीत गेली.

मी मुंबईत शूटिंगवर माइकची काठी धरतो. आमचे साउंडवाले नायर साहेब शॉट झाला की हीरोसकट सगळ्यांना अर्धा मिनिट गप उभं करतात आणि नुसती शांतता टिपतात. कुठं शिकलात, विचारलं. म्हणाले, शिकत असताना एक मराठी सिनेमा दाखवला होता. बाई भाकरी थापता थापता थांबते.

मी म्हणालो, ते आमचे सर.

"जिंदा हैं वो?" साहेब उठूनच उभे राहिले.

साहेबांच्या हाताखालची पोरं आज देशभरच्या सिनेमांत तीच शांतता मागतात. तीन दिवसांत उतरलेला सिनेमा इतक्या लांब कसा पोचला, हे मला अजून उमगत नाही.

सरांना फोनवर सांगितलं, सत्काराला तो दाखवू. म्हणाले, "पेटीला हात लावू नको. पुन्हा कुणीतरी मधीच गाणं लावायचं."

कोनाळे काकू म्हणतात, पेटीतून आंबट वास येऊन राहिलाय. साहेब म्हणाले, आंबट वास म्हणजे रिळं सडायला लागली; आता साफ केली नाहीत तर जातील.

सर, या वेळी मशीनजवळ मी उभा राहतो. तुम्ही पुढच्या रांगेत बसा. तुमचे कान आणि तब्येत शंभरीतही अशीच खणखणीत राहो. साफ करणाऱ्याचा पत्ता साहेबांनी दिलाय. त्यासाठी समितीकडे पाठवतोय, नऊ हजार चारशे रुपये.