दाराजवळची खुर्ची

खंडेनवमीला कारखान्यातली सगळी मशीनं पुसून झाली. आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. ज्या बाईचं मशीन, तिनंच त्याला हळदकुंकू लावायचं, ही आमची रीत. तबक माझ्याकडे आलं आणि मालकांनी ते मधेच अडवलं. गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही बसा. उगाच दगदग नको."

मी बसले. वर त्यांनाच हात जोडले. त्या हात जोडण्याची लाज अजून जात नाही.

मला एचआयव्ही आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं. दर महिन्याला सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला जावं लागतं, खोटं किती बोलणार? काळजी करू नका, म्हणाले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या कारखान्याला कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर नवी बाई. मला दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची. काम नाही, पगार पूर्ण. माझ्या बोटात सुई गेली तर काय, ही त्यांची धास्ती. मशीनला, कापडाला हात लावून हा आजार होत नाही, असं डॉक्टरांनी मला समजावलं होतं. तेही मी त्यांना सांगितलं. ते नुसते हसले.

सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचे. शेजारच्या मशीनवरची अक्का मला म्हणाली, "बसून पगार मिळतोय की. लई नशिबाची हायस."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. कॉलर बसवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मी दिवसभर बायकांच्या चपला राखत बसायचे.

नवी बाई हळदकुंकू लावायला माझ्या मशीनपुढे वाकली. माझ्या. काय झालं कोण जाणे, मी उठले. तिच्या हातातलं तबक घेतलं. कुंकवात बोट बुडवलं आणि मशीनला लावलं. अक्का मागे सरकली.

मालक म्हणाले, "एवढं केलं तुमच्यासाठी, त्याची काही किंमत?"

"न्हाय," मी म्हणाले. "माझं मशीन द्या. न्हायतर कामावरनं काढा. पन कशापायी काढताय, ते या समद्यांदेखत तोंडानं बोला."

ते वळून आपल्या खोलीत निघून गेले.

दसरा झाला की मशीनं सुरू होतील. मी सगळ्यांच्या आधी जाऊन माझ्या मशीनवर बसणार आहे. नुसतं सांगून मी उठणार नाही. उठवायचंच असेल, तर त्यांना मला हात लावावा लागेल.