दुपारची कडी

साहेब हे त्याचं टोपणनाव. गळ्यात ओळखपत्र अडकवून तो पहिल्यांदा आरशासमोर उभा राहिला, तेव्हा घरातला एक सोबती म्हणाला, "आता काय बुवा, साहेब झालास! आम्हाला ओळख देशील ना?" दुसरा खो खो हसला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

चाळिशी ओलांडलेला, अंगाने बारीक, शर्टाचं गळ्याजवळचं बटण कायम लावलेलं. वाचणं त्याला कधी जमलं नाही. नवी गोष्ट डोक्यात शिरायला वेळ लागायचा, पण एकदा शिरली की हलायची नाही. लहानपणापासून तो मोठमोठ्या संस्थांमधून राहिला. लांबलचक हॉल, ओळीने मांडलेल्या खाटा. मधूनच एखाद्या सकाळी कुणीतरी त्याची पिशवी भरायचं आणि त्याला गाडीत बसवायचं. कुठे चाललोय, का चाललोय, हे त्याला कुणी सांगायचं नाही. पुढे थोरल्या बहिणीने चिकाटीने पाठपुरावा केला आणि त्याला आधारघरात आणलं. आधारघर म्हणजे साधं घरच. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, आणि जिथे अडेल तिथे हात द्यायला मदतनीस.

अशा घरांमधून माणसांना नीट वागवतात की नाही, हे बघणारी एक कचेरी होती. तिथल्या तपासनीस बाई कामात पक्क्या होत्या, पण त्यांची एक अडचण होती. त्या वही-पेन घेऊन समोर बसल्या की घरातली माणसं एका सुरात "छान आहे, छान आहे" म्हणायची. म्हणून मग अशाच घरात राहणारं कुणीतरी बरोबर न्यायचं ठरलं. साहेबाला ते काम मिळालं, तेही पगारी. बहिणीने आनंदाने नातेवाइकांना फोन करकरून भंडावून सोडलं. साहेब मात्र धास्तावला. आपण काही भलतंच बोललो तर? आपल्या बोलण्यामुळे कुणाची पिशवी भरली गेली तर? दर तपासणीच्या सकाळी त्याला चहासुद्धा जायचा नाही.

त्या दिवशी ते दोघं ज्या घरी गेले, ते घर आरशासारखं लखलखत होतं. फरशी पुसलेली, उशांना इस्त्रीचे अभ्रे. घरप्रमुख हसतमुख माणूस. "या, या! आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही," असं तो दारातच म्हणाला. घरात चार जण राहत होते. त्यातली एक बारीक आवाजाची, सारखी मान वळवून बघणारी. तिला सगळे चिमणी म्हणायचे. तिच्या शेजारच्या खोलीत मावशी राहायची. मावशी वयस्कर, बोलायची फारच कमी. या दोघींचं रक्ताचं नातं काही नव्हतं, पण एक उठली की दुसरी उठायची.

बाई खाली घरप्रमुखाशी बोलत बसल्या आणि चिमणी साहेबाला आपली खोली दाखवायला वर घेऊन गेली. साहेबाने पाठ केलेले प्रश्न विचारले.

"तू कधी उठायचं, ते कोण ठरवतं?"

"मीच."

"आत येताना लोक दार वाजवतात का?"

जिन्याकडे कान देऊन चिमणी त्याच्या अगदी जवळ आली. "दुपारी बाहेरून कडी लावतात. मलाही आणि मावशीलाही. चहाच्या वेळेला उघडतात."

साहेबाने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाजूला, वर, दाराच्या रंगाशी रंग मिळवलेली छोटीशी कडी होती.

"कोणाला सांगू नकोस," चिमणी म्हणाली. "सांगितलं की घर बंद होतं. मागच्या घराचं असंच झालं होतं. सगळ्यांना वेगळं वेगळं पाठवलं. मावशी गेली तर मी काय करू? घे, शप्पथ घे."

पिशवी भरली जाणं म्हणजे काय, हे साहेबाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "शप्पथ," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर गाडीत बाईंनी विचारलं, "काय म्हणाली रे ती?"

"छान आहे म्हणाली."

बाईंनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर साहेबाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दुपार जवळ आली की त्याची नजर घड्याळाकडे जायची. आता लावली असेल कडी. तिला तहान लागली तर? मावशीला चक्कर आली तर हाक कोणाला मारणार, मावशी तर बोलतच नाही! तो स्वतःच्या दाराचं हँडल फिरवून बघायचा, उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा. सोबती वैतागले. "साहेब, दार मोडायचा ठेका घेतलायस का?"

सुट्टीच्या दिवशी बहीण आली. त्याने ताटातला घास हातात तसाच धरून विचारलं, "ताई, आग लागली आणि दाराला बाहेरून कडी असली, तर आतलं माणूस काय करतं?"

बहीण ताडकन उठली. तिने त्याच्या खोलीचं दार आतून-बाहेरून तपासलं, खिडकीच्या खिट्ट्या बघितल्या आणि मदतनिसाला चांगलंच फैलावर घेतलं. बिचारा मदतनीस आ वासून बघत राहिला.

"माझं दार नाही गं," साहेब रडवेला होऊन म्हणाला. "दुसरं आहे. पण मी शप्पथ घेतलीय."

बहीण खाली बसली. मग म्हणाली, "हे बघ, शप्पथ तुझी आहे. तुझ्याकडून मी काढून घेणार नाही. पण तू जेवत नाहीयेस. ज्याने कुणी तुला शप्पथ घातली, त्याला तरी जेवण जातंय का?"

दुसऱ्या दिवशी साहेबाने कचेरीत फोन लावला. "बाई, मला त्या घरात परत जायचंय. का ते विचारू नका."

"बरं. कधी जाऊ या?"

"दुपारी," तो म्हणाला, आणि मग घाईघाईने, "दुपारीच. सांगून नाही जायचं."

"आज येते तुला न्यायला," बाई म्हणाल्या.

बेल बराच वेळ वाजत राहिली. शेवटी एका तरुण मदतनीस बाईने दार उघडलं. हात साबणाने बरबटलेले, तोंड पांढरंफटक. घरात दुसरं कुणीच कामावर दिसत नव्हतं. वरून आवाज येत होता. धप, धप, धप. कुणीतरी तळहाताने दार बडवत होतं. बाई दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या. साहेबही मागोमाग गेला.

बाईंनी आधी चिमणीची कडी काढली. चिमणी त्यांना ढकलून सरळ शेजारच्या दाराकडे धावली. "मावशी पडलीय! मघाशी आवाज आला! मी कधीची हाका मारतेय!"

मावशी खाटेजवळ जमिनीवर होती. कपाळ फुटलं होतं, पण डोळे उघडे होते. बाईंनी रुग्णवाहिका बोलावली. मदतनीस बाई जिन्यातच बसून रडायला लागली. "मावशी एकदा नजर चुकवून रस्त्यावर गेली होती, आणि तिच्यामागे चिमणी. दुपारी मी एकटी. बाकीच्या दोघांना आंघोळ घालायची असते. घरप्रमुख म्हणाले, कडी लाव. मी काय करायला हवं होतं?"

चिमणीने साहेबाकडे पाहिलं. "तू सांगितलंस."

"नाही सांगितलं. दुपारी जाऊ या, एवढंच म्हटलं." मग त्याची त्यालाच लाज वाटली. "पण ते सांगितल्यासारखंच झालं."

घर बंद झालं नाही. कड्या त्याच दिवशी निघाल्या, घरप्रमुखाला काढलं, दुपारच्या वेळेला आणखी एक माणूस नेमलं. मावशीचे टाके सुकले. पण तिला रात्रंदिवस जवळ कुणीतरी हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तशी सोय दुसऱ्याच एका घरात होती. चिमणीला ज्याची भीती वाटत होती, ते झालंच. फरक इतकाच की या वेळी बाई तिच्यासमोर बसून बोलल्या, मावशीला नवं घर दोनदा दाखवलं, आणि मावशीची पिशवी चिमणीने स्वतःच्या हाताने भरली.

चिमणी साहेबाशी बोलेना. तो फोन करायचा, ती घ्यायची नाही. "मी काम सोडून देतो," तो बाईंना म्हणाला. "माझ्यामुळे गेली मावशी."

"मावशी पडून राहिली असती तर?" बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मलाही झोप लागत नाहीये, खरं सांगायचं तर. दरवेळी वाटतं, आपण बरं केलं की वाईट?"

हे ऐकून त्याला बरं वाटलं नाही, पण त्याने काम सोडलं नाही.

बऱ्याच दिवसांनी चिमणीचाच फोन आला. मावशीकडे बसने जायचं होतं, आणि तिला मदतनीस नको होती, स्वतः जायचं होतं. पण पहिल्यांदा कुणीतरी सोबत हवं होतं. "तुला बसने जाता येतं ना?"

"येतं."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. "मी अजून रागावलेय," ती म्हणाली.

"माहीत आहे."

साहेब प्रत्येक थांब्यावर मान उंच करून बाहेर बघत होता. मघाचा तर आपला थांबा नव्हता ना, हा विचार त्याला सोडत नव्हता. शेवटी न राहवून त्याने उठून कंडक्टरला विचारलं.

"पुढचाच," कंडक्टर म्हणाला.

मावशी फाटकापाशी उभी होती. चिमणी बस पुरती थांबायच्या आतच दाराशी जाऊन उभी राहिली, आणि साहेब तिच्या मागून ओरडला, "अगं थांब, पडशील!"