लाल कार्ड आणि विम्याचं चौथं पान

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. परदेशात सहा महिने राहून लॅपटॉपवर काम करायचं ठरवलं, तेव्हा चामोर्शीत आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना वाटलं, पोरगी भलती धीट! धीट कसली? मी कुठून काम करते याच्याशी कंपनीला देणंघेणं नव्हतं, आणि एकतिसाव्या वर्षीही माझं जग गडचिरोलीच्या बसस्टँडपाशी संपत होतं. आधी व्हिएतनाम, मग जॉर्जिया, असा बेत होता. तिकिटाच्या आधी विमा घ्यायचा होता आणि तिथेच मी अडले.

कारण मला सिकलसेल आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कुठेतरी अडकतात, आणि हाडं आतून कुणीतरी पिळतंय असं दुखायला लागतं. थंडी, तहान, दगदग, काहीही पुरतं. आमच्या भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे. शाळेत तपासणी झाली तेव्हा मला लाल कार्ड मिळालं, म्हणजे मी रुग्ण. आईबाबांना पिवळी मिळाली. त्यांना स्वतःला त्रास नाही, पण दोघांकडून मिळून तो माझ्यात आला. आमच्याकडची रीत अशी की कार्ड हातात आलं की आधी लपवायचं. आमची तिन्ही कार्डं तांदळाच्या कोठीमागे एका पत्र्याच्या डब्यात होती. पाहुणे मला बघायला येणार असले की आई तो डबा आणखी आत सारायची.

मी तीन विमे पाहिले. पहिला सहलीवाल्यांचा, महिन्याभरात संपणारा. दुसऱ्यात तिकडे राहून काम करणाऱ्याला जागाच नव्हती. तिसरा बरा वाटला. परदेशात बसून महिन्या-महिन्यानं वाढवता यायचा, दवाखान्यात भरती व्हायचा खर्च होता, फारच झालं तर घरी आणून सोडायची सोयही होती. फक्त चौथ्या पानावर विचारलं होतं, आधीपासूनचा काही आजार आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

विम्याचं काम करणारे भाऊ वडसाचे, बाबांच्या ओळखीतले. फोनवर म्हणाले, "नाई लिहा ना ताई. तिथी कोन पाहून राह्यलं?"

बाबा गेल्यापासून घरात शेवटचा शब्द आईचा. ती बाजूलाच तांदूळ निवडत होती. "बराबर सांगून राह्यले भाऊ," ती म्हणाली. "हो लिहिशीन त गावभर होईन. दोन सोयरिकी अशाच गेल्या तुया."

मी 'नाही'वर खूण केली. इतक्या सहज केली की माझी मलाच लाज वाटली. पण आयुष्यभराचा सराव होता. फॉर्म पाठवायचा तेवढा राहिला होता. म्हटलं, अटी एकदा वाचू आणि मग पाठवू.

अटींत स्पष्ट होतं, आजार लपवल्याचं आढळलं तर विमा रद्द. माझं रक्त काही पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसणार नव्हतं, पहिल्याच तपासणीत ते सगळं सांगून टाकणार होतं. इथे कळ आली तर गडचिरोलीचा दवाखाना आहे. तिथल्या नर्सबाई मला बघितल्या बघितल्या सलाईन लावतात आणि "पानी पेत नाई काऊन वो?" म्हणून रागावतात. तिकडे मला 'दुखतंय' एवढंही सांगता येणार नव्हतं. परक्या दवाखान्याच्या दारात मी एकटी कण्हते आहे आणि हातातला विमा फुकट गेला आहे, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

"आई, मी हो लिहिते," मी म्हटलं.

मला वाटलं, आता आग पाखडेल. पण तिनं सूप खाली ठेवलं.

"तुया मोठा मामा कायनं मेला?" तिनं विचारलं.

"तापानं." लहानपणापासून तेच ऐकलं होतं.

"ताप नोहता. असाच हाडं दुखून दुखून गेला पोरगा. माया लग्नाच्या वक्ती तुया बाबाकडच्यायनं विचारलं, भाऊ कायनं गेला? मायनं सांगतलं, तापानं. मी बाजूलेच बसून होती. चूप राह्यली."

आईचा राग आला आणि तिची कीवही आली. ती उठली, कोठीमागे हात घालून डबा काढला आणि लाल कार्ड माझ्या पुढ्यात ठेवलं. "लिही," म्हणाली. "खूण बदल."

मी बदलली. कार्डाचा फोटो जोडला. तिचं बोट फोटोत आलं, पण पुन्हा काढायचा धीर माझ्यात नव्हता.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग उत्तर आलं. विमा मिळाला होता, पण सिकलसेलचं नुसतं दुखणं त्यात नव्हतं. त्या आजारानं जीव धोक्यात आला, तरच ते खर्च करणार होते. मी थंडीचं जॉर्जिया रद्द करून एकट्या व्हिएतनामचं तिकीट काढलं. भीती अजून आहे तशीच आहे.

ते उत्तर मी आईला मराठीत समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे मराले टेकली, तवाच येतीन ते?"

"हो."

"येऊ दे," ती म्हणाली. "तुया मामाच्या वक्ती त कोनी आलंच नाई. आमीच कोनाले सांगतलं नोहतं."