भट्टीला दिलेला तांबडा लेप

मी आयुष्यात एकदाच भट्टी साफ केली, आणि ती पाहून माझे मेहुणे मटकन खाली बसले.

ही गोष्ट मी इथेच रत्नागिरीत शाळामास्तर होतो तेव्हाची. मेहुणे, म्हणजे माझ्या बायकोचे, यमूचे दादा, आगबोटीवर स्वयंपाकी होते. त्यांनी कुठल्याशा मोडीत निघालेल्या बोटीवरची लोखंडी भट्टी बहिणीला आणून दिली. कपड्यांच्या ट्रंकेएवढी, पुढे दार, खाली निखाऱ्यांचा खण आणि वरच्या पत्र्यावरही निखारे. यमू तिच्यात नानकटाई भाजू लागली, आणि ज्या आळीने आमच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं ती सकाळ-संध्याकाळ आमची खुशाली विचारायला येऊ लागली.

जाताना दादा बजावून गेले, "यमे, भाजून झालं की भट्टी कोमट हाय तवर आतून ओल्या फडक्यानं पुसायची. खरवडून घासायचं काम मी वरसाला शिमग्याला येऊन करीन. पण आत जळका थर नायतर गंज दिसला, तर भट्टी उचलून आक्काकडे."

आक्का म्हणजे यमूची थोरली बहीण, अंजनवेलला दिलेली. तिचा त्या भट्टीवर पहिल्या दिवसापासून डोळा होता.

"पुसायचं काम माझ्याकडे," मी म्हणालो. (मी शाळेत मुलांना आरोग्याचे धडे देत असे. भट्टी पुसणं म्हणजे काय मोठंसं!)

पहिले आठ दिवस पुसली. पुढे माझ्या लक्षात आलं, की भट्टी कोमट असते तेव्हा नानकटाईही कोमट असते, आणि माणसाने एका वेळी एकच काम मन लावून करावं अशा मताचा मी आहे. तूप गळलं, साखर जळली, त्यावर पुन्हा तूप गळलं. माघ संपेपर्यंत आत डांबरासारखा थर बसला. यमू विचारायची, "पुसलीत ना?" मी म्हणायचो, "हो तर!" तिने कधी वाकून पाहिलं नाही, हे आठवलं की मला अजून लाज वाटते.

शिमग्याच्या तोंडावर दादांचं पत्र आलं. शनिवारच्या बोटीने येतो, अंजनवेलसमोरच्या दाभोळ बंदरात आक्काही चढेल.

शनिवारी सकाळी यमू तूप आणायला बाजारात गेली आणि मी चाकू घेऊन भट्टीपुढे बसलो. तासाभरात चाकू वाकला, थर जागचा हलला नाही. तेव्हा मला आईची युक्ती आठवली. भांडं चुलीवर चढवण्याआधी आई त्याच्या बुडाला राख-माती कालवून लेप द्यायची. काजळी त्या लेपावर बसायची आणि घासताना लेपाबरोबर निघून जायची. म्हटलं, लेप आधी काय आणि मागाहून काय! चुलीतली राख घेतली, परसातली माती घेतली, पाणी घातलं आणि भट्टीला आतून असा बोटभर लेप दिला की गवंड्याने बघत राहावं. वाळला की थरासकट पोपडे काढायचे, असा बेत होता. (आई हे भांड्याच्या बाहेरून करायची, आतून नव्हे, हा बारकावा मला सुचला नाही.) दार लावलं आणि पाहुण्यांना आणायला बंदरावर गेलो.

पाहुणे आणि त्यांच्या सामानाचा हमाल घेऊन परतलो तर आळीच्या तोंडाशीच नानकटाईचा वास आला.

यमू हसतमुखाने थाळी घेऊन पुढे आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "तुमी पुसलीत म्हणून मी आत बघितलंसुद्धा नाय. तशीच पेटवली."

दादांनी नानकटाई तोंडात टाकली. कर्र असा आवाज झाला. दादा चावायचे थांबले.

"यमे, रवा घातलास?"

"नाय."

"घातलाय, घातलाय," मी म्हणालो. "जरा जाडा आहे."

आक्काने आपल्या नानकटाईवरची एक कपची उचलून उजेडात धरली. "मास्तर, ह्यो रवा तांबडा कसा?"

दादा उठले, भट्टीचं दार उघडलं आणि मटकन बसले. आता आमच्या रत्नागिरीची माती किती तांबडी, हे मी सांगायला नको. भट्टी आतून वरपासून खालपर्यंत गंजलेली दिसत होती. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या बोटीलाही असा गंज चढला नसेल!

"बोट मोडली, पर हिला गंजाचा ठिपका नव्हता," दादा म्हणाले. "आणि तुमी एका वरसात..."

"हमालाला थांबवा," आक्का म्हणाली. दोर तिने अंजनवेलहून बरोबरच आणला होता.

यमूने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर परवडलं असतं, पण तिचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गंज नाही तो," मी म्हणालो. "माती आहे. मी सारवली."

"काय सारवली?"

"भट्टी."

"आतून?"

"आतून."

मी चिमटा उचलला आणि भट्टीच्या पाठीवर दोन हाणले. सगळा लेप धपकन खाली आला, आणि त्याला चिकटून वर्षभराचा जळका थरही आला. खालचं लोखंड असं लख्ख निघालं की दादांनी त्यावर बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि पुन्हा फिरवलं.

"माज्या हातूनपण इतकं कधी निघालं नाय," ते पुटपुटले. आक्काने दोर गुंडाळून पिशवीत ठेवला.

भट्टी राहिली. पुसायचं फडकं यमूने माझ्या हातातून कायमचं काढून घेतलं, तेव्हा सुटलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यापुढे शेणमातीचं घमेलं आणून ठेवलं आणि चुलीकडे बोट दाखवलं.

"मातीकाम तुमाला बेस जमतं," ती म्हणाली.

तेव्हापासून आमच्या चुलीला रोज मीच पोतेरं घालतो. आळीतल्या बायका मुद्दाम बघायला येतात. "मास्तरांचा हात बघा कसा गुळगुळीत फिरतो," असं म्हणतात, आणि तेही घरात बसलेल्या आपापल्या नवऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. त्यामुळे चूल स्वच्छ आहे, भट्टी स्वच्छ आहे, आणि आळीतला एकही पुरुष माझ्याशी बोलत नाही.