साथीला कुमुद

परवा सुनेने भास्करच्या निवडक गाण्यांचा संच आणला. गिटारवर लोकगीतं गाणारा भास्कर आता सत्तरीचा झाला आणि त्याचं सगळं आयुष्य चार सीडींत मावलं. वर पांढऱ्या दाढीचा फोटो. मला आठवतो तो कॉलेजच्या गॅदरिंगला उसन्या गिटारवर जात्यावरच्या ओव्या बसवणारा भास्कर. त्या ओव्या मीच आईकडून उतरवून आणल्या होत्या.

पहिलंच गाणं लागलं आणि दुसऱ्या कडव्यात एका मुलीचा आवाज आला. सून थबकली. सोबतची पुस्तिका बघून म्हणाली, "साथीला कुमुद, असं छापलंय. आई, काय गोड आवाज आहे हो! कोण ही?"

लग्नात माझं नाव बदललं. या घरात कुमुद कुणालाच ठाऊक नाही. सासरी गाणं सुटलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण गाऊ नकोस असं मला कुणी म्हटलंच नव्हतं. मीच कधी विचारलं नाही. भास्करची दोन पत्रं आली, त्यांनाही उत्तर दिलं नाही. माणूस आपलं एखादं वय दुसऱ्याकडे ठेवून येतो आणि ते आणायला परत जातच नाही.

"होती आमच्या कॉलेजात," मी म्हणाले.

"मग पुढे का नाही गायली? घरच्यांनी अडवलं असेल ना?"

"नाही गं. कुणीच नाही अडवलं."

"मग?"

तेवढ्यात पुढचं गाणं सुरू झालं. त्यात भास्कर एकटाच गात होता.