दारात काढलेले बूट

कंपनी बायकांना सोबत नेऊ देत नाही, असं मी बायकोला सांगितलं. कंपनीचं बायकांबद्दल असं काहीच म्हणणं नव्हतं. वाळूजच्या आमच्या कारखान्यातून माझ्यासोबत जो सहकारी आला, त्याची बायको विमानात खिडकीशी बसून आम्हाला लाडू वाटत होती. तिकीट आपलं आपण काढायचं, एवढीच अट.

काम होतं दक्षिण रशियातल्या तागानरोग नावाच्या बंदराच्या गावी, मशीन बसवायचं. लढाई पेटायच्या आधीची गोष्ट. गावाचं नाव ऐकून माझ्या मनात पहिला प्रश्न जेवणाचा आला. बायको मात्र तव्यावरची पोळी करपू देऊन बाहेर आली. ती शाळेत मराठी शिकवते. तिचा लाडका कथाकार त्या गावात जन्मलेला. शंभरावर वर्षांपूर्वी वारला, पण आमच्या घरी रोज जेवायला असतो. त्याच्या कथांचं जुनं मराठी भाषांतर तिच्या उशाशी असतं, बांधणी सुटलेलं, रबर लावलेलं.

"मी येऊ का हो? माझ्या पगारातून येते," एवढंच ती म्हणाली. ती सहसा काही मागत नाही. मी नियम सांगितला. नियम ताजा होता, माझ्याच घरचा.

गाव देखणं निघालं. समुद्राकडं उतरणारा लांबलचक दगडी जिना, झाडांनी झाकलेले रस्ते आणि जिकडं बघावं तिकडं तो कथाकार. बाग त्याची, पुतळा त्याचा, कॅफेच्या पाटीवर चष्मा त्याचा. मेल्यावर माणसाची इतकी विचारपूस होणार असेल तर आपणही मशिनी सोडून लिहायला हवं होतं, असं वाटून गेलं. समुद्र मात्र बेताचा. इतका उथळ की वारा उलटा सुटला की पाणी मागं सरून चिखल उघडा पडायचा.

"साहेब, ह्याला समुद्र म्हणतेत?" सहकारी म्हणाला. "लाटा तर आपल्या नाथसागराला लई."

पैठणचं धरण रशियाच्या समुद्राला भारी पडलं, याचा आम्हा दोघांना अभिमान वाटला.

कथाकाराचं जन्मघर, आता संग्रहालय झालेलं, आमच्या हॉटेलापासून पायी जाण्यासारखं. सहकाऱ्याची बायको पहिल्याच आठवड्यात जाऊन आली आणि दारात, खिडकीत, झाडाखाली फोटो काढून आली. त्याच्या कथेची एक ओळ तिनं वाचलेली नव्हती. मी रोज 'उद्या' म्हणायचो आणि संध्याकाळी काठावर सुकी मासळी चघळत बसायचो. शेवटच्या दिवशी गेलो, तर सोमवार. माझ्या अपराधीपणाच्या वाट्याला नेमका साप्ताहिक सुट्टीचा वार आला. कुंपणावरून एक बुटकं पांढरं घर दिसलं. तेवढंच.

घरी आलो तर बॅग उघडायच्या आधीच बायकोनं विचारलं, आत काय काय होतं. मी टेबल सांगितलं, दौत सांगितली, पडदे सांगितले. लेखकाच्या घरात आणखी काय असणार? ती ऐकत होती, तसा मला चेव चढला. म्हणालो, "दारात बूट काढले आणि मोज्यांनीच आत गेलो. लादी गार होती."

वेरूळला घृष्णेश्वराला गेलो तरी 'तुम्ही या जाऊन, मी चपलांपाशी थांबतो' म्हणणारा माणूस मी. तिचे डोळे भरून आले. पुढं दरवर्षी वर्गात त्याची कथा वाचून दाखवायच्या आधी ती हे सांगायची. शाळेतली मुलं रस्त्यात भेटली की आधी माझ्या पायांकडं बघायची.

सहकाऱ्याची पुण्याला बदली झाली, तेव्हा मी मनापासून पेढे खाल्ले. यंदा तो परत संभाजीनगरला आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघी बायका भेटल्या. बायकोनं घरी येऊन मिळालेलं वाण कपाटात ठेवलं. त्यानंतर मी बूट काढल्याची गोष्ट पाहुण्यांना पुन्हा रंगवून सांगितली. तिनं सगळ्यांना चहा दिला.

मग एका रविवारी वांगी चिरता चिरता तिनं विचारलं, "लादी खरंच गार होती?"

"मी आत गेलोच नाही."

"ते संक्रांतीलाच कळलं. तिथं बूट काढत नाहीत म्हणे. बुटांवरून निळ्या पिशव्या घालायला देतात. तिला त्या पिशव्यांनी चालता येईना. तिकीट तिनं आपलं आपणच काढलेलं म्हणे." विळीवरचा हात थांबला. "माझी लाज वाटली का?"

ती आली असती तर दारात तिकीट देणाऱ्या बाईशी मराठीतच बोलली असती. ते रबर काढून पुस्तकातलं मोठ्यानं वाचलं असतं, रडली असती. लोकांनी वळून बघितलं असतं आणि शेजारी मी उभा असतो. कुणी आपल्याकडं बघू नये, एवढ्याच कामात मी आजवर तरबेज झालो आहे.

"व्हय," मी म्हणालो. घरात मी असं गावाकडचं बोलत नाही. पण 'हो' तोंडातून निघेना.

तिनं मान हलवली आणि फोडी पाण्यात टाकल्या. आता लढाईमुळं तिकडं कुणी जात नाही. मला उदार व्हायला तेवढी सोय पुरली. म्हणालो, "सगळं निवळलं की जाऊ आपण दोघं."

"जाऊ की," ती म्हणाली. "पण बूट काढायचे का ठेवायचे, ते आधी ठरवा."

शाळेत ती त्याची कथा अजून वाचून दाखवते. आधी काही सांगत नाही.