बाजारातला खांब

अहमदपूरच्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण आमच्या मूळ गावच्या बाजारातल्या दगडी खांबाकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. ते जायला मला इंग्लंडला जावं लागलं.

मुलगी तिथल्या एका खेड्यात राहते. खेड्याच्या मधोमध, पायऱ्यांच्या चौथऱ्यावर एक जुना दगडी क्रूस उभा होता. मध्ययुगात त्याच्याभोवती बाजार भरायचा, लोणी-अंडी विकली जायची, सौदे क्रुसाच्या साक्षीनं व्हायचे, असं मुलीच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तासभर समजावून सांगितलं. बाजार कधीच बंद पडला होता. दगडाची काळजी घ्यायला मात्र समिती होती. माझी बायको दमून पायरीवर टेकली, तेव्हा बाईंनी तिला फार गोड शब्दांत उठवलं.

"असला खांब आपल्या गावात बी हाय की," बायको मला म्हणाली. "भाजीवाली सावलीला त्याला पाल बांधती."

मी भारावून परत आलो आणि थेट बिलोलीजवळचं आमचं गाव गाठलं. सरपंचांना खांबावरचं झिजलेलं कोरीवकाम दाखवलं, इंग्लंडचे फोटो दाखवले, तिथं असल्या दगडाला कुणी हातही लावत नाही हे सांगितलं. त्यांनी फारच मनावर घेतलं. दोन महिन्यांत खांबाला गुलाबी ऑइलपेंट लागला, भोवती लोखंडी जाळी आली, वर पत्र्याचं छत आलं. उद्घाटनाला मला शाल-श्रीफळ मिळालं. तो रंग मला मुळीच आवडला नाही, पण शाल मी घेतली.

पुढच्या बाजारी भाजीवाली जाळीबाहेर, डोक्यावर पदर ओढून बसलेली दिसली. तिची सासूही त्याच खांबाच्या आधारानं बसायची म्हणे. मला बघून ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, दगडाला सावली केली तुम्ही, अन् मला उन्हात बसिवलं."

मी सरपंचांकडे गेलो, तिला छताखाली बसू द्या म्हणालो. ते हसले. ऐतिहासिक वस्तूला कुणी हात लावू नये, हे तुम्हीच सांगितलं होतं ना, असं त्यांनी विचारलं.

मग ती एसटीच्या थांब्याजवळच्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. तिच्यामागं कांदेवाला गेला, मग बांगड्यावाली. दिवाळीपर्यंत सगळा बाजारच तिकडे सरकला. गावी गेलो की मीही तिथूनच भाजी घेतो. मेथीची जुडी ती चांगली निवडून देते, पण मला आता गुरुजी म्हणत नाही.